खूण कोणत्या बाजूला होती

३ मार्च

वहिनी,

सहा वर्षांनी लिहिते आहे आणि तेही कामासाठी. आधी खुशाली विचारली असती तर तू म्हणाली असतीस, हिला काहीतरी हवं आहे. हवंच आहे, म्हणून आधी काम सांगते.

आमच्याकडे नवे संचालक आले आहेत. ते द्रवांवर काम करणारे, स्फटिकांशी त्यांचा संबंध नाही, पण जुन्या फायली उपसायची खोड आहे. त्यात त्यांना आपला शोधनिबंध सापडला, तुझं नाव आधी, माझं नंतर. त्याच्यामागे टाचलेला चौकशीचा अहवालही सापडला. मला बोलावून म्हणाले, "या बाईंनी आकडे रचले म्हणून संस्थेने त्यांना राजीनामा द्यायला लावला. मग हा निबंध सहा वर्षं कुणाच्या भरवशावर उभा आहे?"

त्यांना सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. स्फटिक थंड करत नेला की एका ठरावीक तापमानाला त्याच्या आतली मांडणी बदलते, चौकोनी घरं किंचित ताणली जातात, पण बाहेरून काही दिसत नाही. म्हणून आपण त्यावर नखाएवढी चकती चिकटवतो. चकती थरथरते, ती थरथर स्फटिकातून जाऊन पलीकडच्या बाजूवर आपटून परत येते, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून आत काय चाललं आहे ते कळतं. मांडणी बदलायच्या जरा आधी स्फटिक मऊ पडतो, आवाज मंदावतो आणि आलेखात खड्डा पडतो.

"मग या खड्ड्याचं काय झालं?"

"तो त्यांना दिसला, मला कधीच दिसला नाही," मी म्हटलं. "स्फटिक तोच, यंत्र तेच, दिशा तीच."

निबंध मागे घ्यायचा अर्ज सोबत जोडला आहे. एकतीस तारखेच्या आत दोघींच्या सह्या हव्यात. तू सही केलीस तर कारण न देता तो मागे घेता येईल. नाही केलीस तर माझ्या एकटीच्या सहीवर जाईल आणि खाली कारण छापून येईल, की पहिल्या लेखिकेची मोजमापं विश्वासार्ह नाहीत. ते कायमचं राहील. पुढेमागे तुझी मुलगी या विषयात आली तर तिलाही वाचायला मिळेल. त्यापेक्षा सही केलेली बरी. पेन्सिलने फुली केली आहे, तिथे कर.

आणि एकदा तरी मला सांग. तो खड्डा तू हातानेच काढला होतास ना? मी कुणाला सांगणार नाही.

तुझी नणंद


११ मार्च

वहिनी,

पत्र परत आलं. "घेणाऱ्याने नाकारले" असा शिक्का आहे. पोस्टमनने ते माझ्या हातात असं दिलं, जणू मीच काही गुन्हा केला आहे.

पण तू ते उघडलंस. मी डिंक लावते तो कडेपर्यंत कधीच नेत नाही, आणि इथे तो कडेपर्यंत गेला आहे, एका कोपऱ्यात तर बाहेर आला आहे. चिकटवलेल्या गोष्टी तपासण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. चकतीखाली केसाएवढा बुडबुडा राहिला तरी मला पडद्यावर कळतो. पाकिटाचं काय घेऊन बसलीस. शिवाय आत पत्र आहे आणि अर्ज नाही.

अर्ज कशाला ठेवून घेतलास? वकिलाला दाखवायला? दाखव. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

तू म्हणशील, हिचा स्वभावच संशयी. संस्थेतही तसंच म्हणतात. माझ्या कपाटाला दोन कुलपं आहेत आणि खणाच्या फटीत मी दोरा ठेवते, कुणी उघडला तर कळावं म्हणून. हे तुझ्यानंतर सुरू झालं. कॉलेजपासूनची मैत्रीण, जिला मी स्वतः आमच्या घरात आणलं, दादाशी ओळख करून दिली, लग्नात जिच्या बाजूने बसले, तिचेच आकडे जुळेनात, तर मग माणसाने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

आणि तुझे आकडे नुसत्या खड्ड्यापुरते चुकीचे नव्हते. साध्या खोलीच्या तापमानालाही तुझ्या वहीतला वेग माझ्यापेक्षा शंभरात दोनने कमी होता. तीन वेळा मोजला, तीन वेळा तेच. तेव्हाच मला वाटलं, ही साध्या आकड्यांतही हात घालते. समितीला मी ते दाखवलं. एक सभासद म्हणाले, "दोन टक्के म्हणजे फार नाही." मी म्हटलं, "आमच्या कामात दोन टक्के म्हणजे डोंगर."

तू त्यावर काहीच बोलली नाहीस. दोन तासांच्या चौकशीत तू मला एकच प्रश्न विचारलास, तोही भलताच.

पुन्हा नवा अर्ज पाठवते आहे. हा परत आला तर मी तिसरा पाठवेन.


१७ मार्च

वहिनी,

काल दादाचा फोन आला. वर्षभरात पहिला. आवाज ऐकून मला आधी वाटलं, आईचं काहीतरी.

"पत्रं पाठवू नकोस," म्हणाला.

"ती वाचते का?"

"मला काय माहीत."

"मग पहिल्या पाकिटातला अर्ज काढला कुणी?"

"तुझी सवय काही गेली नाही. लहानपणी बिस्किटं मोजून झोपायचीस."

"आणि तू सकाळी एक खाल्लेलं असायचंस."

तो हसला. मागून भांड्यांचा आवाज येत होता. तू तिथेच उभी होतीस का? आवाज मध्येच थांबला, म्हणून विचारते.

"तिने त्या दिवशी तुला एक प्रश्न विचारला होता," दादा म्हणाला. "आठवतोय?"

"आठवतोय."

"मग बाकीचं राहू दे. त्याचं उत्तर दे."

"दिलं होतं की."

"बरं," म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याचा "बरं" तुला माहीत आहे. आईशी भांडून घराबाहेर पडताना तो असंच म्हणायचा.

प्रश्न मला शब्दन् शब्द आठवतो. अध्यक्षांनी तुला विचारलं, तुम्हाला काही विचारायचं आहे का. तू वही उघडलीस आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "मी रजेवर असताना स्फटिक धुतला होता का?" मी म्हटलं, नाही. तू जरा वेळ माझ्याकडे पाहिलंस. मग वही मिटलीस आणि म्हणालीस, "मला आणखी काही विचारायचं नाही." चार दिवसांनी तुझा राजीनामा आला.

ज्याचं काही चुकलेलं नाही तो माणूस भांडतो. तू भांडली नाहीस. मी तेव्हा तेवढंच धरून बसले आणि आजवर बसले आहे.

आणि मी सांगितलं ते खोटं नव्हतं. धुतला नव्हता. जुनं ग्रीस काढायला ॲसिटोनचा बोळा फिरवला असेल, तो तर आपण दर वेळी फिरवायचो. त्याला कुणी धुणं म्हणत नाही.


२२ मार्च

वहिनी,

अर्ज मिळाला. माझी पेन्सिलची फुली तू खोडरबराने पुसली आहेस, व्यवस्थित, कागद न खरवडता. तिथे सही नाही. तुझ्या बारीक अक्षरात चार शब्द आहेत. "खूण कोणत्या बाजूला होती?"

हा सापळा आहे हे मला कळतं. मी "डाव्या" म्हटलं तर तू म्हणणार उजव्या. सहा वर्षांनी कोण सिद्ध करणार? तू तुझी जुनी वही जपून ठेवली असशील, किंवा आता नवी करून जुनी म्हणून दाखवशील. मला माफ कर, पण हे मनात आलं ते लिहिते.

खरं तर मी आरसेकाकांकडे तुला खोटं पाडायलाच गेले.

आरसेकाका अजून तळमजल्यावरच आहेत, स्फटिक कापतात आणि घासून आरशासारखे करतात. पाठ वाकली आहे. मला दारात बघून म्हणाले, "आज इकडे कुठे? तुमच्या खोलीत यायचं म्हणजे आम्हाला चपलांचे तळवे दाखवावे लागतात, आणि तुम्ही आमच्याकडे न विचारता?"

"काका, तो स्फटिक तुम्हीच कापला होता. वहिनीचा."

"मीच. दोन समोरासमोरच्या बाजू आरसा केल्या, आवाज जायला यायला. बाकी चार बाजू खरबरीत ठेवल्या. चारी सारख्या. म्हणून तर बाईंनी एकीवर शाईची रेघ ओढून घेतली. म्हणाल्या, काका, चकती हलते ती या रेघेच्या दिशेने हलली पाहिजे, नाहीतर सगळंच फुकट."

"ती रेघ कोणत्या बाजूला होती?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे आता नाही?"

मी म्हटलं, पुसट झाली आहे.

त्यांनी उठून खालचा खण ओढला. काकांची पद्धत तुला माहीतच आहे, कापताना उरलेला तुकडा ते कधी टाकत नाहीत. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. आपली बाटली तळाशी होती. आत तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, त्यावर सुईने कोरलेला बाण. म्हणाले, "याच्या पोटात ढगाळ रेषा आहे, वाढतानाच पडलेली. तीच रेषा तुमच्या स्फटिकात पुढे जाते. भिंगाखाली जोडून बघा. बाण जिकडे, तिकडे बाईंची रेघ होती."

बाटली मला देताना त्यांनी झाकण एकदा घट्ट फिरवून पाहिलं. "सहा वर्षांत कुणी मागायला आलं नाही," म्हणाले. "मला वाटलं होतं चौकशीच्या वेळीच कुणीतरी येईल."

बाटली दोन दिवस माझ्या पर्समध्ये आहे. मी अजून जोडून पाहिलेलं नाही. काम फार आहे.


२६ मार्च

वहिनी,

काम नव्हतं.

तुझे बाबा दवाखान्यात होते आणि तू दोन महिने रजेवर गेलीस. जाताना म्हणालीस, "माझ्या स्फटिकाला हात लावायचा तर आधी मला विचार." माझ्या स्फटिकाला. यंत्राचे निम्मे भाग मी जोडले होते, रात्रीच्या पाळ्या निम्म्या मी केल्या होत्या, आणि निबंधावर तुझं नाव आधी. मी हसून "हो हो" म्हटलं. ते हसू तुला खरं वाटलं का, हे मला कधी विचारता आलं नाही.

ग्रीस निघेना म्हणून मी स्फटिक ॲसिटोनच्या वाटीत टाकला आणि जेवायला गेले. तिथे गप्पांत तासभर गेला. परत आले तर वाटीच्या तळाशी स्फटिक काचेसारखा स्वच्छ, आणि ॲसिटोनला निळसर झाक. तुझी रेघ विरघळून गेली होती.

तुला फोन करता आला असता. मी फोन उचललाही होता. मग मला तुझा आवाज ऐकू आला, रागावलेला नव्हे, समजूतदार. "बरं, आता काय करायचं ते सांगते हं." तो आवाज मला नको होता. मी डोळे मिटून आठवलं, वाटीत टाकताना खूण खिडकीकडे होती की यंत्राच्या तारेकडे. खिडकीकडे, असं वाटलं. पेन घेतलं आणि रेघ ओढली. क्ष-किरणांनी दिशा तपासता आली असती, तिथे तीन आठवड्यांची रांग होती. मला रांग नको होती.

मग खड्डा दिसला नाही. पहिल्या दिवशी मनात आलं, खूण चुकली असेल. दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्या दिवशी मनात आलं, तिनेच आकडे रचले असतील. आणि खरं सांगते, त्या दिवशी मला हलकं वाटलं. त्यानंतर पहिला विचार पुन्हा येऊ नये म्हणून मी दुसरा रोज वाढवत गेले. तुझ्या वहीतले दोन टक्के सापडले तेव्हा तर मला पुरावाच मिळाला. दिशा बदलली की वेगही किंचित बदलणार, एवढं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. मलाही कळत होतं.

समितीसमोर तू विचारलंस, धुतला होता का. तुला तेव्हाच कळलं होतं. मी नाही म्हटलं.

परवा सकाळी मी दार लावून घेतलं आणि तुकडा भिंगाखाली धरला. ढगाळ रेषा जुळली. बाण माझ्या रेघेला बरोबर आडवा होता. मी चकती काढली, पाव फेरा फिरवली आणि पुन्हा चिकटवली. पहिल्याच मोजमापात वेग शंभरात दोनने खाली आला, तुझ्या वहीतला आकडा शेवटच्या घरापर्यंत. मी तेव्हाच थांबू शकले असते. पण मला संशय होता, आता कुणावर ते नीट सांगता येणार नाही, म्हणून थंड करत गेले.

पडद्यावर सात प्रतिध्वनी होते. शून्याखाली शंभरच्या पुढे गेल्यावर ते सरकायला लागले, उजवीकडे, सावकाश. मग शेवटचा विझला. मग सहावा. एकशे साठला तीन उरले होते आणि तेही दमल्यासारखे. एकशे त्रेसष्टला खड्ड्याचा तळ आला, तू लिहिला होतास तिथेच. नंतर ते एकेक परत आले. मी सगळे आकडे शाईने लिहिले आणि दुपारी चार वाजता डबा उघडला, त्यातली पोळी वाळून कडक झाली होती, तरी खाल्ली.


३० मार्च

वहिनी,

अर्जावर मी सही केली नाही. त्याऐवजी काल संचालकांना दोन पानं लिहून दिली, ॲसिटोनच्या वाटीपासून समितीतल्या "नाही"पर्यंत. त्याची प्रत सोबत आहे. त्यांनी ती माझ्यासमोरच दोनदा वाचली.

"आता तुम्ही म्हणता खड्डा आहे," ते म्हणाले.

"हो."

"सहा वर्षं म्हणत होता, नाही."

"हो."

"मग आजच्या तुमच्या आलेखावर मी विश्वास का ठेवावा?"

ते वाईट माणूस नाहीत. कुलूपबंद कपाटाची दुसरी बाजू कशी दिसते ते मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं मी लोकांकडे असंच पाहत आले.

त्यांनी ठरवलं ते असं. निबंध मागे घेणं थांबवलं आहे. मोजमाप पुन्हा होईल, ते पहिल्या लेखिकेने करायचं, बाहेरच्या दोन जाणकारांसमोर. खड्डा दिसला तर चौकशीचा अहवाल रद्द होईल आणि तो रद्द झाल्याचं निबंधाखाली छापून येईल. तोवर मी त्या खोलीत जायचं नाही. माझं पुढे काय, ते समिती ठरवेल. किल्ल्या मी कालच दिल्या. दोन्ही कुलपांच्या. दोरा काढून टाकला.

तुला त्यांचं पत्र वेगळं येईल. ते तरी परत पाठवू नकोस. ते माझं नाही.

तू तेव्हा गप्प का राहिलीस, हे विचारायचं फार मनात आहे. दादासाठी, आईसाठी, की माझी लाज वाटली म्हणून? एक मन म्हणतं, तू मला वाचवलंस. पण तसं धरून चालणं मला फार सोयीचं आहे, म्हणून त्या मनावर माझा विश्वास नाही. कदाचित तू फक्त दमली होतीस. तुझे बाबा जाऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते, आणि मी सांत्वनाला दारात येऊन गेले त्या दिवशीही तुझी वहीच मागितली होती.

दादा फोनवर म्हणाला नाही, पण आईकडून कळलं, तू शाळेत शिकवतेस. धातूचा नादकाटा वाजवून मुलींच्या कोपराला लावतेस, आवाज हाडातून कसा जातो ते कळावं म्हणून. आई म्हणाली, घरी सगळ्यांच्या कोपरांना लावून झाला.

स्फटिक संचालकांच्या कपाटात मोहोरबंद आहे, बाजूला काकांची बाटली, चिठ्ठीसकट. ठेवण्याआधी मी माझी रेघ ॲसिटोनने पुसली, काकांना शेजारी उभं करून. चारही बाजू कोऱ्या आहेत. काका म्हणाले, "अहो, आता तर दिशा माहीत आहे, ओढून टाका ना बरोबर."

मी ओढली नाही. ती तू ओढ.